मार्थाताईंचं मचाण

मार्था तुस्कानो या बाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी तिसऱ्या मजल्यावर राहते, त्या दुसऱ्यावर राहायच्या, बरोबर माझ्या खाली. एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात उंच, सडसडीत, पन्नाशी ओलांडलेली बाई उभी. अंगात हॉटेलचा काळा कोट, त्यावर नावाची पट्टी आणि हातात माझ्या नवऱ्याचा ओला शर्ट.

"हा तुमचा?"

"हो, सॉरी. वाऱ्याने पडला असेल."

"आज वारा नाही. तुम्ही कपडे नीट पिळत नाही, चिमटे लावत नाही, आणि नाव वाऱ्याचं. माझ्या पुदिन्यावर साबणाचं पाणी पडतंय रोज."

मी काही बोलायच्या आत त्या सरळ माझ्या बाल्कनीत गेल्या. दोरी बघितली, चिमटे बघितले, मग खाली वाळूच्या पार्किंगकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो पांढरा पिकअप इथून किती लांब आहे?"

"असेल तीस मीटर."

"वीस. वरून खाली बघितलं की सगळे जास्तच सांगतात. गाडीकडे बघायचं नाही. गाडीशेजारी दिव्याचा खांब आहे ना, त्याचं टोक आपल्या डोळ्यांच्या उंचीला येतं. त्या टोकाकडे समोर बघायचं आणि ते किती लांब आहे ते सांगायचं. तेवढीच गाडी लांब." एवढं बोलून त्या दाराकडे निघाल्या. "शर्ट पिळून वाळत घाला," जाता जाता म्हणाल्या.

हसावं की चिडावं हे मला ठरवता येईना. शेवटी मी चिडले, पण कपडे पिळायला लागले.

मार्थाताई मूळच्या वसईच्या. इथे एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला होत्या. तिथे त्यांना बघून मी थक्क झाले होते. कुणी सामान हरवल्याबद्दल आरडाओरडा करत होतं आणि ह्या हसतमुखाने "सर्टनली सर, आय अंडरस्टँड सर" करत होत्या. लिफ्टमध्ये शिरल्यावर तोच चेहरा खाडकन बदलला. मी विचारलं तर म्हणाल्या, "दिवसभर हसायचा पगार घेते मी. घरी आल्यावर माझं स्वतःचं तोंड वापरते."

ते स्वतःचं तोंड फार तिखट होतं. 'अराउंड', 'मोअर ऑर लेस', 'अंदाजे' हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. प्लंबर "इन्शाल्ला मॅडम, दो-तीन बजे" म्हणाला की त्या म्हणायच्या, "अल्ला को बीच में मत ला. दो या तीन?" शुक्रवारी न चुकता चर्चला जायच्या, गाडीच्या आरशाला जपमाळ टांगलेली असायची, पण बाण सोडताना इतर काही जण करतात तशी क्रूसाची खूण कधी करायच्या नाहीत. "अंतर मोजायचं काम देवाला सांगू नये," म्हणायच्या.

बाण हे त्यांचं दुसरं आयुष्य होतं. वडील जव्हारकडे शाळेत शिक्षक होते, बालपण तिथे गेलं. भाताच्या शेतात रात्री डुकरं येतात म्हणून शेजारच्या वारली कुटुंबाने माळा बांधला होता, आणि त्या माळ्यावर बसून या मुलीने तिरकमठा हातात धरला. "डुकराला माझा एकही बाण लागला नाही," त्या सांगायच्या. "प्रत्येक वेळी पाठीवरून गेला. त्यांची म्हातारी खाली उभी राहून हसायची. का जातो ते मला कॉलेजात फिजिक्स शिकल्यावर कळलं." पुढे त्या राज्यपातळीपर्यंत खेळल्या, मग नोकरी, मग दुबई. लग्न केलं नाही. का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

रस अल खैमाच्या डोंगरांच्या पायथ्याशी एका अमिराती गृहस्थांची खजुराची बाग होती. त्यांना सगळे अबू हमद म्हणत. इथे शिकारीला बंदी आहे, पण त्यांनी बागेत फोमची जनावरं उभी करून परवाना काढून धनुर्विद्येची रेंज केली होती. रविवारी मार्थाताई तिथे शिकवायच्या. बागेच्या वर खडकाच्या कडेला त्यांनी स्वतः उभं राहून एक लोखंडी मचाण बांधून घेतलं होतं. तिथून खाली, खजुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, फोमचं हरीण उभं असायचं आणि हरणामागे वाळूच्या गोण्यांची भिंत. मचाणाच्या कठड्याला एक लाकडी पाटी होती, तिच्यावर मार्थाताईंनी पांढऱ्या रंगाने मोठा आकडा काढला होता: २४.

ही पाटीच पुढे सगळ्याच्या मुळाशी आली, म्हणून ती नीट सांगते. मचाणावरून हरणापर्यंत तिरकी दोरी ताणली तर ती तीस मीटर भरेल. पण बाणाला पृथ्वी खाली ओढते ती या तिरक्या दोरीच्या हिशेबाने नाही. जमिनीवरून बाण जेवढा पुढे जातो, तेवढ्याच हिशेबाने ओढते, आणि ते अंतर होतं चोवीस. धनुष्यावर वेगवेगळ्या अंतरांच्या खुणा असतात. लांबच्या खुणेने बाण जरा वर धरला जातो. म्हणजे मचाणावरून तीसची खूण लावली की बाण हरणाच्या पाठीवरून जाणार.

मी पहिल्यांदा वर चढले तेव्हा कठडा घट्ट धरून उभी राहिले. खाली हरीण एवढंसं दिसत होतं.

"हरणाकडे बघू नकोस," मार्थाताई मागून म्हणाल्या. तोवर मी त्यांच्यासाठी 'तू' झाले होते. "त्याच्या शेजारचा खजूर बघ. त्याचा शेंडा आपल्या डोळ्यासमोर आलाय. तो किती लांब?"

"पंचवीस?"

"चोवीस. आता खाली बघ. आणि वृंदा, हात खाली नेऊ नकोस. हात आणि खांदे आहेत तसेच ठेव, कमरेतून वाक. नुसता हात खाली नेलास की सगळं मोडतं आणि बाण आणखी वर जातो."

मी हातच खाली नेला. बाण पाठीवरून गेला आणि गोणीत रुतला. मार्थाताईंनी मला जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाल्या, "वर चढलं की माणसाला जमीन आहे त्यापेक्षा लांब वाटायला लागते. तिथेच चुकतं." मग थर्मासमधून मला सुलेमानी चहा ओतून दिला आणि त्या दिवशी सूर्य डोंगरामागे जाईपर्यंत मला वाकायला लावलं. घरी आल्यावर दोन दिवस मला कपडे वाळत घालता आले नाहीत.

तेव्हापासून आमचा एक खेळ सुरू झाला. ड्यूटीवरून येताना त्या पार्किंगमध्ये कुठेतरी थांबायच्या आणि फोन करायच्या. "बाहेर ये. किती?" मी बाल्कनीत यायचं, त्यांच्याकडे न बघता जवळच्या खांबाच्या टोकाकडे बघायचं आणि आकडा सांगायचा. बरोबर आला तर फोन बंद व्हायचा. चुकला तर "खांब बघ, गाढवा," आणि मग फोन बंद व्हायचा. मला या खेळाची इतकी सवय झाली की संध्याकाळी फोन हातातच असायचा.

आता प्रभुदेसाईंबद्दल सांगते. हे लिहितानाही डोकं तापतं, पण इलाज नाही.

प्रभुदेसाई म्हणजे माझ्या नवऱ्याचे, मंदारचे, बॉस. आमच्या वीकएंडच्या मराठी ग्रुपमधले सगळ्यांत वजनदार गृहस्थ. कुठलीही वस्तू घेतली की आधी दिरहममध्ये सांगणार, मग मोठ्याने रुपये करून सांगणार. मीच कधीतरी ग्रुपमध्ये मार्थाताईंच्या रेंजचं कौतुक केलं, त्यांनी लगेच फॅमिली आउटिंग ठरवलं. सात-आठ कुटुंबं, बिर्याणीचे हंडे, मुलं, सगळं लटांबर बागेत आलं. प्रभुदेसाई कमरेला लेझरचं अंतर मोजायचं यंत्र लावून आले होते. गोल्फसाठी घेतलेलं. दुपारपर्यंत खालच्या टार्गेटवर त्यांनी बऱ्यापैकी बाण मारले आणि मग मचाणावर जायचा हट्ट धरला.

मार्थाताईंनी त्यांना खजुराचा शेंडा दाखवला, पाटी दाखवली. प्रभुदेसाईंनी यंत्र डोळ्याला लावलं, हरणावर लाल ठिपका पाडला आणि हसले.

"मॅडम, तुमची पाटी चुकलीये. लेझर थर्टी दाखवतोय. थर्टी पॉइंट टू."

"लेझर तिरकं मोजतंय, सर. चोवीसच लावा. आणि कमरेतून वाका."

"लेझर इज लेझर," ते म्हणाले. तीसची खूण धरली, हात खाली नेला, आणि बाण सोडला.

बाण हरणावरून गेला, गोण्यांवरूनही गेला, मागच्या खडकावर आपटून उसळला आणि लसूणघासाच्या तुकड्यात चरत असलेल्या बकरीच्या पोटात शिरला. ती बकरी बागेचा राखणदार गुल खान याची होती. दुभती होती, मागे दोन करडं होती. ती ओरडली तो आवाज मला अजून ऐकू येतो. मुलं रडायला लागली. गुल खान धावत आला, गुडघ्यावर बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

मार्थाताई मचाणावरून कशा उतरल्या ते मला कळलंच नाही. मी पोचले तेव्हा त्या गुल खानशेजारी मातीत बसल्या होत्या. प्रभुदेसाई वरच उभे होते, आणि तिथूनच त्यांचा पहिला आवाज आला. "रॉंग डिस्टन्स लिहिलंय इथे. दिस इज अ सेफ्टी इश्यू."

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो पुढच्या अर्ध्या तासाचा. आमच्या ग्रुपमध्ये इंजिनियर किती होते सांगू? जवळजवळ सगळेच. एकेकाने वर जाऊन लेझर लावून बघितलं. प्रत्येकाला तीस दिसले. प्रत्येक जण खाली येऊन मान हलवत म्हणाला, "हो, बोर्ड चुकीचा आहे." आठवीत काटकोन त्रिकोण शिकून बिल्डिंगा उभ्या करणारी ही माणसं. मी म्हणाले, "अहो, सरांनी पाटीप्रमाणे मारलंच नाही. पाटीप्रमाणे मारलं असतं तर लागला असता." तर ग्रुपमधल्या एक वहिनी हळूच म्हणाल्या, "तू कशाला मध्ये पडतेस? मंदारचं अप्रेझल आहे ना."

मंदार बिर्याणीच्या हंड्याजवळ उभा राहून चमचे मोजत होता.

अबू हमद आले. वयस्क, शांत माणूस. त्यांनी बकरीकडे बघितलं, गुल खानच्या खांद्यावर हात ठेवला आणि मार्थाताईंना हिंदीत विचारलं, "क्या हुआ, मार्था?"

"अपनी आँख से देखिए," त्या म्हणाल्या. सगळ्यांना मचाणाच्या बाजूला आणलं, करडं बांधून ठेवायला लावली आणि स्वतः मचाणावर गेल्या. वरून ओरडून सांगितलं, "अभी तीस का लगाती हूँ। बाण पीठ के ऊपर से जाएगा।" बाण सोडला. हरणाच्या पाठीवरून गेला आणि वरच्या गोणीत रुतला. "अभी चौबीस।" दुसरा बाण हरणाच्या बरगडीत, पुढच्या पायाच्या मागे, जिथे रंगाने गोल काढला होता त्याच्या मधोमध.

मला वाटलं, खलास, मिटलं. पण प्रभुदेसाई हसून अबू हमदना म्हणाले, "सर, शी इज अॅन एक्सपर्ट. पहिला बाण तिने मुद्दाम वर मारला. एक्सपर्ट को जिधर मारना है उधर मारेगा." आणि आमच्यातल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. बाई चुकल्या असत्या तर त्यांना नेम कळत नाही म्हटलं असतं. चुकल्या नाहीत, तर नेम कळतो म्हणूनच खोट्या ठरल्या. मी त्या दिवशी चप्पल काढली नाही हे माझ्यावरचे संस्कार.

मार्थाताईंनी खाली येऊन धनुष्य प्रभुदेसाईंसमोर धरलं. "मग तुम्ही जा वर. तुम्ही एक्सपर्ट नाही. चोवीस लावा, कमरेतून वाका, आणि मारून दाखवा."

प्रभुदेसाईंनी धनुष्याला हात लावला नाही. म्हणाले, उन्हाने डोकं दुखतंय.

अबू हमदना काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. त्यांना एवढंच हवं होतं की पाहुण्यांच्या देखत हे प्रकरण थांबावं. ते म्हणाले, "मार्था, बोर्ड पे तीस लिख दो। क्लास चालू रखो। खलास।" ग्रुपच्या सेक्रेटरींनी खिशातून काळा मार्कर काढलासुद्धा. सगळ्यांचे चेहरे उजळले. किती सोपं. एक आकडा खोडायचा, दुसरा लिहायचा, आणि रविवारचं मचाण मार्थाताईंकडेच राहणार. त्यांना दुसरं काय होतं? हॉटेलातलं हसणं, दुसऱ्या मजल्यावरचा पुदिना आणि हे मचाण. मीसुद्धा क्षणभर मनात म्हटलं, लिहा हो, काय जातंय.

मार्थाताई म्हणाल्या, "तीस लिहिलं तर इथून मारलेला प्रत्येक बाण वरून जाईल. आज बकरी होती. पुढच्या रविवारी तिथे गुल खान असेल."

"मॅडम, थोडं अॅडजस्ट करा ना," सेक्रेटरी म्हणाले.

"तीस की पाटी रहेगी तो मचाण पे मैं नहीं रहूँगी," त्या अबू हमदना म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. त्यांचा आवाज चढला नाही म्हणजे काय, हे मला एकटीलाच माहीत होतं. अबू हमदनी गुल खानला मचाणाच्या शिडीच्या दाराला कुलूप लावायला सांगितलं. मार्थाताईंनी आधी वर जाऊन पाटी काढून आणली. ती बगलेत मारून त्या गुल खानच्या खोलीकडे गेल्या आणि तो बकरीसाठी खड्डा खणत होता तिथे उभ्या राहिल्या, माती ओढून होईपर्यंत. आमच्यातलं दुसरं कुणी तिकडे गेलं नाही. पुढच्या आठवड्यात प्रभुदेसाईंनी अबू हमदच्या घरी मिठाईची मोठी परडी पाठवली. गुल खानला कुणी साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

आम्ही परत निघालो. शारजा ओलांडल्यावर मंदार हळूच म्हणाला, "तसं टेक्निकली बघितलं तर मार्थाताईंचंच बरोबर आहे. हॉरिझाँटल डिस्टन्सच धरायचं असतं."

"मग तिथे का नाही बोललास?"

"तो फोरम नव्हता गं."

मागच्या सीटवरून आमची इरा म्हणाली, "डॅड, इट्स लिटरली पायथागोरस." मंदारने रेडिओ लावला. त्यानंतर किती तरी दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. अजूनही तो कुठल्या मीटिंगमधला आपला पराक्रम सांगायला लागला की माझ्या तोंडावर 'फोरम' येतं, आणि तो विषय बदलतो.

मचाण पुन्हा उघडलं नाही. खाली सपाटीवरचे वर्ग दुसऱ्या कुणाकडे गेले. मार्थाताई मात्र दर रविवारी तिकडे गाडी घेऊन जायच्या, गुल खानकडे. करडांना बाटलीने दूध पाजायचं असायचं. रेंजकडे बघायच्याही नाहीत, असं तो म्हणाला. मी एकदा म्हटलं, "अबू हमदशी बोलून बघा ना, ते चांगले आहेत." त्या म्हणाल्या, "चांगलेच आहेत. म्हणून तर राग येतो."

करडं चरायला लागली त्या सुमारास त्यांनी हॉटेलचा राजीनामा दिला. मला कळलं ते बिल्डिंगच्या वॉचमनकडून. मी तणतणत खाली गेले.

"मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस."

"थांबवणारच. तुमची काय चूक होती?"

"काही नाही," त्या पुदिन्याची कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळत म्हणाल्या. "पण मला आता हसता येत नाही, वृंदा. काउंटरवर सूट घातलेला, कमरेला काहीतरी लटकावलेला माणूस आला की माझे दात आवळतात. रागात माणूस कुठलंही काम करू शकतो. हसायचं काम नाही करू शकत." मग कुंडी माझ्या हातात दिली. "वरून साबणाचं पाणी पडणार नाही अशा जागी ठेव."

"वर कुणी नाही राहत माझ्या. गच्ची आहे."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. कधी निघणार, हे मी विचारलं, तर "बघू" म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून अंदाजाचा शब्द ऐकला. भिंतीला टेकून ती पाटी उभी होती, २४ लिहिलेली, बॅगेत मावत नाही म्हणून दोरीने बांधलेली.

दोन दिवसांनी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. फोन वाजला.

"बाहेर ये. किती?"

मी हात न पुसताच बाल्कनीत धावले. पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला टॅक्सी उभी होती, डिकी उघडी, आणि तिच्याजवळ मार्थाताई. काळा कोट नव्हता, साधा सुती ड्रेस होता, आणि बगलेत पाटी. मला भयंकर राग आला. न सांगता निघाली ही बाई. इतक्या वर्षांची ओळख, आणि टॅक्सीजवळून फोन. मी खांबाकडे बघायलाच विसरले. सरळ त्यांच्याकडेच बघत राहिले, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे तेही नीट दिसेना.

"किती?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"साठ," मी म्हणाले. "साठ-सत्तर. मला नाही माहीत."

"चूक," त्या म्हणाल्या. "खांब बघ, गाढवा."

फोन बंद झाला. मी डोळे पुसले आणि खांबाच्या टोकाकडे बघितलं. जेमतेम तीस होतं. जिना धावत उतरले असते तर पोचले असते. मी खाली बघितलं तोवर टॅक्सी वळून रस्त्याला लागली होती.